केवळरामची वाद घालणारी लेक

नागभीडजवळच्या खेड्यात तलावावर मासोळी मारून पोट भरणारा केवळराम. स्वतः चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला. पण पोरगी रिंकू कॉलेजात गेली तेव्हा गड्याची छाती अशी फुगली की विचारू नका! पहिलं वर्ष पोरीनं वर्गात तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी एका मॅडमनं सांगितलं, पटलं नाही तर उभं राहून विचारा. झालं! पोरगी विचारायलाच लागली, आणि सुरुवात घरापासून.

"बाईमाणसाचा पाय नावेले लागला का मासोळी पळते," केवळराम जाळं सांधताना म्हणाला.

"हे तुमाले मासोळीनं येऊन सांगतलं का, बाबा?"

केवळराम पोट धरून हसला आणि गावभर सांगत सुटला. मग रोज संध्याकाळी बापलेकीची जुंपायची. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना त्याचं डोकं संध्याकाळचे मुद्दे जुळवत असायचं. पन्नाशीत माणसाला विचार करायची चटक लागली, ती लेकीमुळे.

दोन हजार साली रिंकूला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामानं विचारलं, "शिकून का करशीन?" तिनं नीट उत्तर दिलं आणि वर मुलालाच विचारलं, "तुमाले का वाटते, बायकोनं शिकाव का नाई?" मुलगा मामाच्या तोंडाकडे बघत राहिला. चहा अर्धा टाकून मंडळी उठली. पुढच्या पाहुण्यांचंही तेच. पोरगी तोंडाळ आहे असा गावोगाव बोभाटा झाला आणि तिची माय भागीरथा हाय खाऊन बसली.

तिसरे पाहुणे यायच्या आधी केवळरामनं लेकीला मागच्या अंगणात नेलं. "एकही प्रश्न नोको. तोंडाले कुलूप लाव. माह्या गळ्याची शपथ हाय तुले."

तिनं लावलं. लग्न जमलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच.

पुढच्या पोळ्याला ती माहेरी आली. "सासू लय तारीफ करते," भागीरथा खुशीत सांगत होती, "सून उलटून एक शब्द बोलत नाई म्हणते." केवळराम ताटातला भात चिवडत ऐकत होता. जेवणं झाल्यावर तो मुद्दामच मोठ्यानं म्हणाला, "पोरीईले कॉलेजात धाडूच नये. शिकून वाया जाते पोरी. मी तुले धाडलं, हे चुकलंच माहं."

आणि जीव मुठीत धरून बसला. आता भडकेल, आता कंबरेवर हात ठेवून विचारेल, असं काऊन म्हणता बाबा?

रिंकूनं त्याच्यापुढचं ताट उचललं.

"तुमी म्हणता तसंच असन, बाबा," ती म्हणाली आणि भांडी घासायला मागं गेली.