एका रिळापुरता नवरा

माझ्या चुलतभावाला अक्कल बेताची आणि हौस दांडगी. हैदराबादला कोर्टाच्या तारखेला गेला, तो हाताने फिरवायचा जुना कॅमेरा आणि एकच रीळ घेऊन धारूरला परतला. म्हणे, सिनेमा काढणार. पाच मिनिटांचा, मुका. विषय काय, तर लग्नानंतर झुरणारी बायको आणि तिला मायेने बरी करणारा नवरा.

नवरा अर्थात तोच. झुरणारी बायकोही त्याच्याच घरात होती. वहिनी सिरसाळ्याची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती मिटत गेली. चुलीपुढे बसली की बसलीच. भाकरीचा कोळसा झाला तरी हात हलायचा नाही. घरात याला नखरे म्हणत. तिचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा भावाने त्यांना परत पाठवलं. सिनेमा बघा, मी तुमच्या लेकीला कसा जपतो ते कळेल, मग न्यायचं तर न्या, म्हणाला. बायकोला जपतो हे दाखवायला ज्याला सिनेमा काढावा लागतो, त्याच्याबद्दल आणखी काय सांगायचं?

बाईमाणूस कॅमेऱ्यापुढे येणं शक्यच नव्हतं. माझे वडील गेलेले, त्यामुळे मिशी उतरवायला आडकाठी नव्हती. म्हणून वहिनीचं लुगडं मला नेसवलं. महिनाभर मी दारातून तिला न्याहाळत होतो. हनुवटी गुडघ्यावर, नजर राखेत. सगळं उचललं.

उजेडासाठी चूल अंगणात मांडली. गावातला घड्याळजी दांडा फिरवायला उभा राहिला. तेवढ्यात थोरले काका, म्हणजे भावाचे वडील, पानाचा डबा घेऊन आले आणि कॅमेऱ्याशेजारीच बाजेवर बसले. वडिलांच्या देखत बायकोकडे बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भाऊ माझ्याजवळ येऊन बसला, पण त्याची मान काही वळेना. लुगड्यात मी होतो, ज्याच्याबरोबर तो लहानपणी विहिरीत उड्या मारायचा. तरी हा शहाणा कधी घराच्या मातीच्या धाब्याकडे बघे, कधी अंगणात बांधलेल्या शेळीकडे. माझ्या कपाळावर ठेवायचा हात त्याने कपाळाच्या वीतभर वर, हवेतच धरला. काकांना उठा म्हणायची छाती कुणाचीच नव्हती. रीळ संपलं.

रीळ धुऊन आल्यावर जत्रेतल्या तंबूवाल्याचं यंत्र आणलं आणि व्याह्यांना बोलावलं. अंगणात पांढरी चादर बांधली. पुरुष पुढे, बायका चादरीमागे. भाऊ शेळीकडे बघू लागला तशी माणसं पोट धरून हसली. चादरीमागेही खसखस पिकली. व्याही तेवढे हसले नाहीत. खेळ संपल्यावर ते उठले आणि चादरीकडे तोंड करून म्हणाले, "चल माय, गाडी जुपतो."

भाऊ गडबडला. "मामा, ते काय खरं न्हाई. ऐन वेळेला आबा समोर येऊन बसले."

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "आबा तर रोजच घरात हायेत."

काका पान जुळवत राहिले. भाऊ पुन्हा शेळीकडे बघू लागला. मला हसू आवरेना.

लोक माझी पाठ थोपटत होते. वहिनी गाठोडं घेऊन बाहेर आली आणि माझ्यापाशी थांबली. वर्षभरात ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लई हुबेहूब केलंत, भाऊजी. एवढं बघत होता, तर एकदा इचारायचं तरी."

माझं हसू तिथेच आटलं. तिचं लुगडं माझ्या खोलीत पडलं होतं. गाडी वेशीपर्यंत जाईस्तोवर तेही आणून द्यायला मी उठलो नाही.