वारुळावरचा पाय

जयाबाईंना सायकल चालवता येत होती. फक्त चढता येत नव्हतं आणि उतरता येत नव्हतं.

निपाणीच्या शाळेच्या मैदानावर धाकट्या भावाने, आण्णाप्पाने, त्यांना शिकवलं होतं. बाई ठेंगण्या आणि सीट उंच, म्हणून मैदानाच्या कट्ट्यावर डावा पाय टेकवून त्या सीटवर बसत. थांबायचं झालं की एखादं झाड गाठून त्याला मिठी मारत. आण्णाप्पा हसायचा, "आक्का, तू सायकल चालवत न्हाईस. सायकल तुला फिरवून आणती."

"आणंना का. पाडत न्हाई न्हवं?"

ही एकोणऐंशी सालातली गोष्ट. खानापूरकडच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या. आदल्या महिन्यात वाडीतल्या भरमा नावाच्या माणसाच्या घरून बाळंतपणाचं बोलावणं आलं, तेव्हा त्या चालत गेल्या. पोहोचल्या तर चूल विझलेली होती आणि पाणी तापवायला ठेवलेलं पातेलं कुणीतरी पालथं घातलं होतं. मूल गेलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी जुनी लेडीज सायकल घेतली.

आज दुपारी धनगरवाड्यावरचा रवळू धापा टाकत आला. त्याची बायको सुलाबाई सकाळपासून अडली होती.

"मी गाडी बघाय खानापूरला जातो, बाई. तुम्ही व्हा फुडं. वाट सोपी हाय. चढ न्हाई, उतार न्हाई. आधी रान, मग माळ."

"रानात अस्वल असतंय म्हणं?"

"असतंय की. पर दुपारचं झोपतंय," म्हणत रवळू निघालासुद्धा.

केंद्राच्या पायरीवरून बाई सायकलवर बसल्या. पिशवी हँडलला होती. झाडी सुरू झाली तशी त्यांनी घंटी वाजवायला सुरुवात केली. झोपलेलं अस्वल घंटीने जागं होईल, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पण आता थांबवायचीही भीती वाटू लागली. पाचोळा चाकाखाली वाजे आणि त्यांना वाटे, मागून कोणीतरी येतंय. मान वळवली तर तोल जाणार, म्हणून त्या समोरच बघत राहिल्या.

झाडी संपली. उघडा माळ लागला. वाटेपासून हाकेच्या अंतरावर गवे चरत होते. काळेभोर, घराच्या भिंतीएवढे. एकाने मान वर केली. थांबावं तर मिठी मारायला झाड नव्हतं. बाईंचं हँडल लटपटलं आणि त्या सायकलसकट गवतात आडव्या झाल्या.

गवा फुरफुरला. बाईंनी डोळे मिटून पिशवी छातीशी धरली. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा कळप झाडीत शिरत होता.

आता चालत जावं? वाडा अजून लांब होता. ते पालथं पातेलं डोळ्यांपुढे आलं. पण चढणार कुठून? साऱ्या माळावर उंच असं एकच होतं, वाटेकडेचं वारूळ. त्यावर हळदकुंकू होतं आणि वाळलेली फुलं.

बाईंच्या घरी देवांची पूजा कधीच सुटली होती. तरीही वारुळापाशी आईचा आवाज कानात घुमला, "वारुळाला पाय लावू ने गं, वंश बुडतो." शिवाय आत खरोखरीचा नागही असेल. गव्याची भीती निदान दिसत तरी होती.

त्यांनी चपला काढून पिशवीत कोंबल्या. सायकल खेटून उभी केली. हात जोडले. "मी आधीच भ्यालेय. तू आणि भ्या दाखवू नगंस."

डावा पाय टेकला. माती भुसभुशीत आणि गार लागली. त्यांनी अंग सीटवर टाकून रेटा दिला, तसा वारुळाचा एक तुकडा पायाखालून ढासळला. आत काहीतरी सळसळलं, की तो मातीचाच आवाज होता, हे पाहायला त्या थांबल्या नाहीत. वाड्यापर्यंत त्यांनी घंटीसुद्धा वाजवली नाही.

वाड्यापुढच्या झाडाला मिठी मारून त्या उतरल्या, तेव्हा दारातली म्हातारी बघत राहिली. वाड्यात चूल पेटलेली होती.

रवळूची गाडी आली तेव्हा अंधारून आलं होतं आणि पोरगी रडत होती. सुलाबाईची सासू कोंडाबाई नर्सबाईंच्या पायावर पाणी घालायला आली, तर डाव्या तळव्याला माती आणि त्यात हळद.

"कुठं पाय दिलास गं?"

बाईंनी पाय आखडता घेतला. "वारुळावर. चढाय दुसरं काय नव्हतं, आक्का. तुमच्या पोरीला काय हुईल का वो?"

कोंडाबाईने तांब्या खाली ठेवला. मग ती पदराने तो पाय पुसत म्हणाली, "डावाच दिलास व्हय? उजवा तरी द्यायचा."

"उजव्यानं चढता येत न्हाई."

"मग कसं करतीस," म्हातारी म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुन्हा उचलला.

पंधरवड्याने पोरीला बघायला बाई पुन्हा त्या वाटेने गेल्या. माळावर कुणीतरी वारूळ लिंपून सारखं केलं होतं, वर ताजं हळदकुंकू होतं. शेजारी एक सपाट धोंडा रोवलेला होता, पाय टेकवून सीटवर बसता येईल एवढा उंच. आणि त्याच्या बाजूला, मिठी मारता येईल असा, साल सोललेला एक जाड खांब.

बाईंनी खांबाला मिठी मारली. मग गवे शिरले होते त्या झाडीकडे बघितलं आणि घंटी वाजवायला सुरुवात केली.