फळ्याच्या आड येणारा खांब

निजामी अमलात मंठ्याकडच्या एका गावात मी मास्तर होतो. शाळा म्हणजे मातीच्या दोन खोल्या, वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. दर उन्हाळ्यात गावकरी वर नवी माती ओली करून चोपायचे, पण जुनी कुणी खरवडत नसे. बापानं टाकलेली माती फेकायची कशी? अशी कित्येक बापांची माती पोरांच्या डोक्यावर बसली होती.

पोरं मावेनात, म्हणून दोन खोल्यांची एक करून पुढं ओसरी काढायचं ठरलं. देखरेख माझी. मी जन्मात कोंबड्यांचं खुराडंही बांधलं नव्हतं, पण हातात छडी होती. मधली भिंत पाडून तुळईखाली खांब दिला, तर तो नेमका पोरं आणि काळा फळा यांच्या आड येऊ लागला.

“काढा तो!” मी फर्मावलं.

“मास्तर, मंग छत कशावर राह्यल?” उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब म्हणाले.

“तुमच्या दुआवर!”

सगळे हसले. खांब निघाला आणि त्याच आठवड्यात वर नवी ओली मातीही पडली.

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या केसांत बारीक माती सांडू लागली. सगळे चिडीचूप बसले की वर कुरकुर ऐकू यायची. “उंदीर हायेत,” मी सांगायचो. तुळईच्या फटीत घरटी करून असलेल्या चिमण्या एकाएकी कुठं गेल्या, हे मात्र मी स्वतःलाही विचारलं नाही. शाळेची सरकारी तपासणी तोंडावर आली होती ना!

तपासणीचे साहेब आले, आत बघून खूश झाले. “वा मास्तर, एकदम खुला कमरा!” तेवढ्यात त्यांच्या टोपीवर मातीची धार पडली. मी वर पाहिलं. तुळई मधोमध तडकत होती. छत पडतंय म्हणायला माझी जीभ वळेना. मी ओरडलो, “साप! वर साप!”

पोरं उधळली. साहेब त्यांच्याही पुढं.

“कहाँ है साप?” बाहेर येऊन ते गरजले, आणि मागं थकलेल्या बैलासारखं माळवद खाली बसलं.

आत कोण राहिलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सापाच्या भीतीनं पोरं वाट फुटेल तिकडं पळाली होती. मौलवीसाहेब दारोदार विचारत सुटले. आम्ही माती उपसत राहिलो. मातीतून पोरांची एकेक पाटी निघे. ती उचलायला माझा हात धजत नसे.

अखेर एकच पोरगी सापडायची राहिली. तिची आई ढिगाशी येऊन बसली. रडली नाही, फक्त माझ्या फावड्याकडं बघत राहिली. दिवस कलला तेव्हा मौलवीसाहेब धापा टाकत आले. “मिली! मावशीच्या घरात, धान्याच्या कणगीत लपलीय. बाहेर यायलाच तयार न्हाई!”

आई उठली. पदर झटकून म्हणाली, “चला मास्तर. साप गेला म्हणून तुम्हीच सांगा तिला. आमचं न्हाई ऐकत ती.”

मी गेलो. कणगीच्या तोंडाशी वाकलो. आतल्या अंधारात दोन डोळे माझ्याकडं टक लावून होते, आणि ‘साप गेला’ म्हणावं की ‘साप नव्हताच’, हे मला ठरेना.