सहावं घर

बाओलानच्या मुलाच्या दाराशी कोबी रचताना माझी कंबर मोडली, हे मी आधीच सांगून ठेवते. दोन हातगाड्या कोबी! तोही रिकाम्या घरासाठी.

मी समोरच्या इमारतीत खाली तोफू विकते. बाओलान माझ्याहून मोठी, खाणीच्या कॅन्टीनमध्ये आयुष्य काढलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचा मुलगा हाइशेंग तिकडे दक्षिणेत, समुद्राकाठच्या शहरात. लग्नात त्याला घेऊन दिलेलं घर तिच्याच घराच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, कुलूपबंद.

खाण बंद पडली तसं गाव ओसरत गेलं. आमच्याकडे घराघरात शेगड्या नसतात. गावाबाहेरच्या बॉयलरचं गरम पाणी नळांतून सगळ्या गावात फिरतं. कधी सोडायचं, कुठे सोडायचं, सगळं नगरपालिकेच्या हातात. यंदा त्यांनी ठरवलं, ज्या जिन्यावर बारापैकी निदान सहा घरं तरी राहती नसतील, तिथली लाइन बंद. उरलेल्यांना पुलापलीकडच्या भरल्या इमारतींत घरं मिळणार. नळांतली ऊब रिकाम्या भिंती किती दिवस पिणार, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते, पण ऐकायला कडू लागतं.

बाओलानच्या जिन्यावर पाच घरं राहती होती.

"सहावं हाइशेंगचं," ती म्हणाली. "लाइन तोडली तर पोर परत येऊन राहील कुठे, थंड पेटीत?"

"अगं, तो येतोय कुठे?"

"तू गप बस आणि कोबी धर."

आमच्याकडे हिवाळ्याआधी लोणच्याचा कोबी दारात रचलेला दिसला की घर नांदतंय असं समजायचं. तिनं रचला. बाल्कनीत रजई टाकली. रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावायची आणि कोट घालून त्या थंड पलंगावर बसून राहायची. मला माझ्या खिडकीतून तिचं डोकं दिसायचं. फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

मग वॉर्ड ऑफिसातली पोरगी राहती घरं मोजायला आली, निंग. चुणचुणीत, पण मनानं चांगली. कोबीकडे बघून हसली.

"मावशी, एवढा कोबी एकटा माणूस खाणार?"

"तरणाताठा गडी आहे माझा मुलगा. खाईल."

निंग जरा घुटमळली. "मावशी, हाइशेंगदादांनी उन्हाळ्यातच घर बंद म्हणून कळवलंय. पण आत्ता फोनवर 'येतोय' म्हणाले, तर मी सहा धरते. शप्पथ."

बाओलानचा चेहरा उतरला. कळवल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. तरी तिनं फोन लावला, वर आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. केवढा तो विश्वास!

"हाइशेंग, नुसतं येतो म्हण रे बाळा. ही बाई इथेच उभी आहे."

तो म्हणाला, "आई, मी नाही येणार तिकडे. तुला सांगायचा धीर झाला नाही. मीच बंद कळवलं, म्हणजे तुला त्या चांगल्या इमारतीत नेतील. तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

तिनं फोन बंद केला. कोबीवरचं एक सुकलं पान खुडलं. "पाच धर, पोरी," निंगला म्हणाली. "पाचच आहेत."

बर्फ पडल्यावर मी पुलापलीकडे तिच्या नव्या घरी गेले. काय ते घर! नळ इतके तापलेले की हात लावू देत नव्हते, बाओलान बनियनवर बसलेली, खिडकी उघडी. मी म्हटलं, "चैन आहे बुवा तुझी!" मी डंपलिंग उकळायला ठेवले आणि सहज विचारलं, "हाइशेंगचा फोन?"

"नाही येत आता."

"बघ मेला! का गं?"

"जुन्या घरी थंडी पडली की रोज करायचा. आई, गारठली नाहीस ना, एवढंच विचारायचा," ती म्हणाली. "आता काय विचारील?"