सेफ म्हणजे काय, टीचर?

माझी मुलगी बंगळुरूला असते. रोज सकाळी नऊला, ऑफिसच्या बसमध्ये बसली की ती मला एकच शब्द पाठवते, "सेफ?" मीही एकच शब्द परत पाठवते, "सेफ." झालं, दोघी आपापल्या कामाला मोकळ्या. आमचे हे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, हा नेम चुकलेला नाही.

मध्यंतरी एका सकाळी मला ओट्यापाशी चक्कर आली. पडले नाही, पण फ्रिजला टेकून अर्धा तास फरशीवर बसून होते. फोन हातात होता. तेवढ्यात तिचा "सेफ?" आला आणि मी बसल्या जागेवरून "सेफ" लिहून टाकलं. तिला खरं कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी विमानाने येऊन माझी बॅग भरून ती मला घेऊन गेली असती. मला पूनम सागरमधलं माझं घर सोडायचं नव्हतं. आणि तसं पाहिलं तर मी खोटंही बोलले नव्हते. हाडं शाबूत होती. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, शब्द कुठे कसा वापरायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

असं मला वाटायचं.

आमच्या बिल्डिंगमध्ये बुधवारी आणि शुक्रवारी उत्तनची मावशी मासे घेऊन येते. मावशी म्हणायचं एवढंच, वयाने ती माझ्याच बरोबरीची. गळ्यात क्रॉस, डोक्यावर टोपली, आणि तोंडाचा पट्टा तळमजल्यापासून सुरू. इतरांशी ती हिंदीत बोलते, माझ्याशी तिच्या गावच्या मराठीत, आणि भाव पाडायला लागले की दोन्हींत. वीस वर्षं आम्ही दोघी अशा भांडतोय. एखाद्या शुक्रवारी ती आली नाही, तर मला दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

त्या शुक्रवारी तिने टोपली उतरवली, पण वरचं प्लास्टिक काढलं नाही. पदराच्या गाठीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"टीचर, सेफ म्हंजे काय?"

तिचा धाकटा मुलगा बापाची होडी सोडून मोठ्या जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला होता. पहिलीच खेप, नऊ महिन्यांची. समुद्रात नेट धड नाही, म्हणून तो चार-आठ दिवसांनी एक ओळ पाठवायचा, तीही इंग्रजीत. मी मेसेज वर सरकवत गेले. आय ॲम सेफ. ऑल सेफ, मम्मी. सेफ. सेफ. जहाजावर जाऊन तीन महिने झाले होते आणि बाकी काहीही नव्हतं.

आता मला शिकवायला मिळालं म्हटल्यावर मी कसली थांबते! दारात उभी राहून तिला सगळा धडा दिला. सेफ म्हणजे सुरक्षित. धोका नाही, इजा नाही. रस्ता ओलांडून पलीकडे पोचलं की सेफ. होडी वादळातून बंदराला लागली की सेफ. मुलगा सेफ आहे म्हणतोय, तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे बुडला न्हाय, मेला न्हाय. येवढाच ना?"

"अगं, असं काय बोलतेस!"

"मग जेवतो का, झोपतो का, ते न्हाय त्यात?"

"ते नाही त्यात," मी म्हटलं. मला जरा रागच आला. शब्दावर कोणी इतकी वर्षं बोट ठेवलं नव्हतं.

"आमचे धनी दर्यातून येतात ना, तवा मी सेफ का म्हणून इचारत न्हाय. माणूस परत आला म्हंजे सेफच हाय. मी तोंड बघते. याचं तोंड दिसत न्हाय, टीचर. मला इचारायचा शब्द दे."

शब्द दे! मी खूप डोकं खाजवलं. हॅपी का, असं विचारावं तर वाढदिवसाच्या कार्डासारखं वाटत होतं. फाईन का, तर तो फाईन म्हणून मोकळा होणार. सुखात आहेस का, हे इंग्रजीत कसं विचारायचं, हे मला तीस वर्षांत कधी शोधावं लागलं नव्हतं. शेवटी मी हात टेकले. फोनवरचं माईकचं बटण दाखवलं आणि म्हटलं, तुझ्या भाषेतच विचार.

तिने फोन तोंडाजवळ धरला, टोपलीकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "पोरा, सेफ हाय ते समजलं. बरा हायस का?"

बुधवारी ती आली ती जिना चढतानाच गप्प होती. मी आधीच दार उघडून उभी राहिले. तिने फोन दिला. अक्षरं इंग्रजी होती, पण शब्द तिच्या घरचा होता.

न्हाय.

"टीचर, काल बंदराला लागल्यावर फोन केलान त्याने," ती म्हणाली. "लहान पोरासारखा रडला. मोठा कुक सगळ्यांसमोर हिडीसफिडीस करतो, झोप न्हाय, घास उतरत न्हाय. मी म्हटलं, येतोस तर ये, घरात भाकरी हाय. तर म्हणतो, न्हाय, पुरे करीन म्हयने, पण आता तुला सांगत जाईन." तिने डोळे पुसले आणि टोपलीवरचं प्लास्टिक काढलं. "तीन म्हयन्यांनी काल मी झोपले. घे, बोंबील ताजे हायत, आज भांडू नको."

मी खरंच भांडले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सांगेल तो भाव दिला, तर तीच माझ्याकडे संशयाने बघायला लागली.

"टीचर, तू बरी हायस ना?"

मी हसून दार लावलं. बोंबील ओट्यावर ठेवले आणि त्याच फ्रिजपाशी उभी राहिले. मला वीस वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता, आणि मी त्याचं उत्तर न देता दार लावलं होतं. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला. "सेफ?"

मी सवयीने पहिलं अक्षर लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "न्हाय."

मिनिटभरात तिचा फोन आला. मागे बसचा आवाज होता. "आई, काय झालं? आणि न्हाय काय? कुठे आहेस तू?"

"घरीच आहे गं. सेफ आहे," मी म्हटलं. "पण तुला वेळ आहे का?"

"आहे. बोल."

मी एक खुर्ची ओढून घेतली आणि फ्रिजला टेकून बसलेल्या त्या अर्ध्या तासापासून सांगायला सुरुवात केली.