अण्णांनी आणलेलं गाठोडं

आज कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि अण्णा, माझे वडील, आठवले.

वीस वर्षांपूर्वी औरंगाबादला माझी ड्रायव्हिंगची परीक्षा होती. मी शाळेच्या दाखल्याची झेरॉक्सच नेली होती. साहेबांनी अस्सल दाखला मागितला. सोबत आलेले अण्णा लगेच एसटीनं फुलंब्रीला गेले आणि दुपारी काखेत गाठोडं घेऊन परतले. पेटीतले सगळे कागद त्यात होते, डांबरगोळ्यांसकट.

"मला वाचता येत नाय, बाई. म्हणून समदेच आणले," ते म्हणाले.

रांगेतली माणसं हसली. लाजेपायी मीही हसले. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खाली बसून ते एकेक कागद पुन्हा नीट बांधू लागले.

मी पास झाले. त्यांची माफी मागायचं मात्र त्यांच्या हयातीत राहूनच गेलं.