तुमच्या बाबाने न सांगितलेला गोठा

बाळांनो, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मधलं काही गाळू नये, असं मी तिला सांगितलं आहे.

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, शाळेत असताना बाबाच्या अंगाला शेणाचा वास यायचा का?" मी तिच्यावर रागावले नाही. राग तुमच्या बाबावर आहे. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरल्यावर मी बरंच सोडून देईन, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

बाबाने तिकडे परदेशातल्या ऑफिसात केलेलं भाषण तुम्ही पाहिलंत, मीही फोनवर पाहिलं. कल्याणजवळच्या गावातला गरीब मुलगा, पहाटे उठून शेण काढायचा, मग अंगाला तोच वास घेऊन शाळेत जायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी उत्तम होतं, कारण ते मी शिकवलं आहे, याच गोठ्यात, धार काढता काढता.

आम्ही गरीब नव्हतो. तुमचे आजोबा जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात नोकरीला होते, मी कल्याणच्या शाळेत शिकवत होते. म्हशी आम्ही आवडीने पाळल्या. आजोबांना गुरांशिवाय अंगण बघवत नसे, आणि लग्नानंतर काही वर्षांनी मलाही बघवेना. शेण मी काढायची. वैरण आजोबा आणायचे. तुमची आत्या पारडी सांभाळायची आणि म्हशींना नदीवर घेऊन जायची. तुमचा बाबा धार काढायचा, कारण त्याचा हात आमच्या सगळ्यांत हलका होता. भाषणात आत्या कुठे आहे? आजोबा कुठे आहेत? एकटाच उभा आहे शेणाची पाटी घेऊन.

गोठ्याने आम्हाला काय दिलं ते मी सांगते. आमच्या घरात अबोला टिकत नसे. दहावीनंतर काय शिकायचं यावरून बापलेकांचं वाजलं, तेव्हा जेवताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पण संध्याकाळी एकाने पारडू धरायचं आणि दुसऱ्याने धार काढायची, त्याला काही इलाज नव्हता. "सोड" आणि "धर" एवढं तरी बोलावंच लागे. त्यावरून ते वैरणीवर यायचे आणि मग क्रिकेटवर. चौघांनी मिळून कमावलेलं दूध चौघं एकत्र बसून प्यायचो. साय कोणाला, यावरून आत्या आणि बाबा भांडायचे, ते मात्र रोज.

तेव्हा कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक म्हैस होती. ती फक्त बाबाला पान्हा सोडायची. धार काढताना तो तिला कसाऱ्याच्या गाडीची स्टेशनं म्हणून दाखवायचा: आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद. आसनगाव येईपर्यंत दूध उतरलेलं असे. शाळेत मित्रांना हे सांगताना त्याची छाती फुगायची. वासाचं त्याने मला कधी सांगितलं नाही.

तो पुण्याला शिकायला गेला आणि म्हशीने दूध चोरायला, म्हणजे वर ओढून धरायला, सुरुवात केली. पारडू लावलं, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, तरी ती पाय झाडायची. शेवटी आजोबांनी बाबाचा शाळेचा जुना शर्ट अंगात घातला. तो खांद्यावर उसवला आणि पोटावर बटणं लागेनात. तसेच ते बसले. आत्या म्हशीच्या तोंडाशी उभी राहून बाबाच्या चालीत स्टेशनं म्हणू लागली. मी दारात हसत होते. आजोबा म्हणाले, "हसू नका, ती बिथरेल." म्हशीने शर्ट हुंगला आणि पान्हा सोडला. ती आटेपर्यंत तो माणूस रोज तसाच बसला. मुलगा अभ्यास टाकून धावत येईल म्हणून हे त्याला कळवायचं नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

आता आजोबा नाहीत. आत्या मागच्या गल्लीत राहते, ती सकाळची धार काढते, संध्याकाळची मी. आणि परवा दारात टेम्पो उभा राहिला. बाबाने तिकडे बसून म्हशीसाठी गिऱ्हाईक ठरवलं होतं, मला न विचारता. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, साहेबांनी सांगितलंय." मी म्हटलं, साहेबांचा गोठा नाही हा. तरी तो दोरी सोडायला आत शिरला, तेव्हा आत्या खराटा घेऊन आडवी उभी राहिली. तो रिकामा टेम्पो घेऊन गेला.

लगेच बाबाचा फोन आला. "आई, लोक काय म्हणतील? मुलगा परदेशात आणि आई शेण काढते."

"लोकांना तूच सांगितलंस."

मग मी त्याला शर्टाची गोष्ट सांगितली. समजुतीने नाही, चिडूनच सांगितली.  तो म्हणाला, "कुठला शर्ट?"

"शाळेचा. पुढच्या भाषणात सांग."

टेम्पोबद्दल तो पुन्हा बोलला नाही. माफीही मागितली नाही, आणि माझा रागही गेलेला नाही.

गोठ्यात सध्या एक म्हैस आहे, त्या ठिपकेवालीची नात, आणि तिची पारडी. ती आत्याला आणि मला पान्हा सोडते. दूध दोन्ही वेळा निघतं.